टर्ननंतर पोरगी मागं का पडते? पाण्याखालच्या डॉल्फिन किकबद्दल

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका भाऊंचा आहे. पोरगी नववीत, १०० मीटर बटरफ्लाय (पालथं, दोन्ही हात एकदम पाण्यावरून फेकत) पोहते. पोहणं विहिरीत शिकली, आता आठवड्यातून तीन दिवस एसटीनं जिल्ह्याच्या टँकवर जाते. विभागीय स्पर्धेत पहिल्या २५ मीटरला ती बरोबरीत होती, पण प्रत्येक टर्नला, म्हणजे भिंतीला लागून वळताना, बाकीच्या पोरी पाण्याखालून अंगभर पुढं निघाल्या. भाऊ लिहितात, "सर म्हणाले डॉल्फिन किक कमजोर आहे. म्हणून महिनाभर रोज पाण्याखालून पंधरा मीटर काढायला लावून राहिलो. वेळ कमी व्हायचा तर वाढून राहिला. काय चुकून राहिलं?" सोबत दोन व्हिडिओ आहेत, एक स्पर्धेचा आणि एक सरावाचा. डॉल्फिन किक म्हणजे दोन्ही पाय जोडून, माशाच्या शेपटीसारखी एकदम मारलेली किक.

भाऊ, ते पंधरा मीटर आजच बंद करा. त्यात वेळ का वाढतो ते आधी सांगते. त्यात धोकाही आहे, त्यावर पुढं लिहिलंय, तो भाग वगळू नका.

तुमचे व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिले. सरावाच्या व्हिडिओत पोरगी भिंतीपासून पंधरा मीटरपर्यंत अकरा किक मारते. मी काठाच्या फरश्या मोजत गेले. पहिल्या चार किकपर्यंत एका किकला दोन-तीन फरश्या मागं जातात. सहावीनंतर एक फरशी ओलांडायला दोन किक लागून राहिल्या. म्हणजे शेवटच्या पाच किकमध्ये ती पोहण्याच्या वेगापेक्षाही हळू जाते आहे, वर दम कोंडलेला. त्यानंतर वर येऊन तिला बटरफ्लाय पोहायचं आहे. तेव्हा हात जड होणारच.

शर्यतीत उडी सोडली तर सगळ्यात जास्त वेग पोरीला कुठं मिळतो? भिंतीला पाय लावून जोर मारला त्या क्षणी. त्या वेगानं ती हातानं कधीच पोहू शकत नाही, मोठमोठे ऑलिंपिकवालेही पोहू शकत नाहीत. पण तो वेग फार लवकर मरतो, कारण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. दुप्पट वेगाला चौपट अडवणूक. डॉल्फिन किकचं काम एवढंच, की भिंतीनं दिलेला वेग मरता मरता जितका राखता येईल तितका राखायचा. ज्या घडीला तो तिच्या पोहण्याच्या वेगाइतका उतरला, त्या घडीला वर यायचं. ती घडी तुमच्या पोरीची सहाव्या-सातव्या मीटरला येत असेल तर तिच्यासाठी हद्द तेवढीच. पंधरा मीटर ही नियमानं घातलेली कमाल मर्यादा आहे. आपल्याकडं ते लक्ष्य समजून पोट्ट्यांना पिदाडतात.

मर्यादा आली कुठून, तेही सांगते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या (पाठीवर पोहण्याच्या) पहिल्या लांबीचा निम्म्याहून जास्त भाग पाण्याखालूनच डॉल्फिन किकनं काढायचा. हीटमध्ये, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीत, त्यानं त्याच रीतीनं जागतिक विक्रम केला. फायनलला सोनं मात्र जपानच्या दाइची सुझुकीनं नेलं, आणि तोही पाण्याखालूनच आला होता. त्यानंतर बॅकस्ट्रोकला आधी १० आणि मग १५ मीटरची हद्द आली. बटरफ्लायला ती आली १९९८ मध्ये. त्याआधी १९९६ ला रशियाच्या डेनिस पांक्रातोव्हनं अटलांटात दोन्ही बटरफ्लाय सोनी पाण्याखालच्या लांबलचक किकवर मिळवली होती. आता पंधराव्या मीटरपर्यंत डोकं पाण्याबाहेर आलंच पाहिजे, नाहीतर बाद.

पाण्याखालून जाण्यात फायदा का? वर पोहताना आपण लाट उठवतो आणि ती लाट उठवायला आपलीच ताकद जाते. हात-दीड हात खाली गेलं की हा खर्च जवळजवळ संपतो. वीतभर खाली गेलं तर लाट उठतेच, आणि पुरुषभर खोल गेलं तर वर यायला वेळ जातो. तुमची पोरगी स्पर्धेच्या व्हिडिओत जेमतेम वीतभर खाली आहे. पाठीवरून पाणी फुगून जाताना दिसतं, बघा.

आता त्याच व्हिडिओतला दुसरा टर्न पुन्हा लावा. दोन्ही हात भिंतीला लागतात आणि पोरगी कठडा धरते. विहिरीच्या पायरीला धरून दम घेतात तसं डोकं पूर्ण वर, एक मोठा श्वास, मग पाय आत. शेजारच्या लेनमधली पोरगी तेवढ्यात निघून गेली. अंगभर अंतर पाण्याखाली पडलं असं तुम्हाला वाटतं, पण त्यातलं निम्मं भिंतीवरच पडलेलं आहे. बटरफ्लायच्या टर्नला नियम एवढाच, की दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे लागले पाहिजेत. धरून थांबा असं कुठं लिहिलेलं नाही. हात तव्याला लागल्यासारखे लागायचे आणि सुटायचे. एक कोपर बरगडीशी ओढून मागं, दुसरा हात कानाजवळून वरून. त्याच वेळी गुडघे पोटाशी. श्वास त्या वळण्यातच होतो, वेगळा घ्यावा लागत नाही. पाय भिंतीला हातभर खाली, खुर्चीत बसल्यावर गुडघे असतात तेवढे वाकलेले. जोर कुशीवर असताना मारायचा आणि जाता जाता पालथं व्हायचं. बटरफ्लायमध्ये टर्ननंतर पाण्याखाली कुशीवर किक मारलेली चालते, फक्त भिंत सोडताना अंग पाठीकडं नाही, छातीकडं कललेलं पाहिजे, आणि पहिला हात ओढायला घेताना पालथं पाहिजे. खूप मास्तर लोक पोरांना पूर्ण पालथं होऊनच भिंत सोडायला लावतात. त्या खटाटोपात जोर तिरपा जातो आणि पोरगं थेट वर निघतं.

मग येते शरीराची रेघ, ज्याला टँकवर स्ट्रीमलाइन म्हणतात. इथं विहिरीत शिकलेल्या सगळ्या पोरांचं एकच दुखणं असतं आणि ते माझंही होतं. मी मामाच्या विहिरीत शिकले, पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधून. विहिरीत सूर मारला की पहिली गोष्ट काय करतो? डोळे वर करून समोरचा दगड बघतो. डोकं फुटू नये म्हणून ती सवय चांगलीच आहे. पण तीच सवय घेऊन मी पहिल्यांदा बालेवाडीच्या ५० मीटरच्या तलावात उतरले. टर्न मारला, हनुवटी वर, हात फाकलेले, छाती पाण्याला आडवी. बाहेर आल्यावर आमचे सर म्हणाले, "काऊन वो, तू भिंत सोडून निघाली का भिंत छातीला बांधून निघाली?" वीसेक वर्षं झाली. अजूनही पोरांना शिकवताना तेच वाक्य तोंडात येतं.

रेघ अशी करायची. एका तळहातावर दुसरा तळहात, वरच्या हाताचा अंगठा खालच्या पंजाला अडकवलेला. दंड कानांच्या मागं दाबलेले, कानांवर नाही, मागं. नजर थेट तळाला. पोट आत. घरी भिंतीला पाठ लावून उभं करा: टाचा, कुल्ले, पाठ भिंतीला आणि हात वर असेच जोडलेले. कमरेच्या खळग्यात तुमचा पूर्ण पंजा सहज जात असेल तर पोरीचं पोट सुटलेलं आहे, पाण्यातही तिथंच ती वाकते. पोट आवळून तो खळगा कमी करायला शिकू द्या. रोज दोन मिनिटं, दात घासता घासता म्हणा हवं तर.

आणि एक विचारते, रागावू नका. सरावाच्या व्हिडिओत पोरीनं टी-शर्ट आणि लेगिंग घातलंय. मला कारण माहीत आहे. टँकवर बायकांची वेगळी वेळ नसते, काठावर कोण कोण उभं असतं, गावात चार लोक बोलतात. पण भिंत सोडल्याबरोबर टी-शर्टात पाणी शिरून तो फुग्यासारखा फुगतो. त्यात किक कितीही सुधारली तरी कळणार नाही. गुडघ्यापर्यंतचा अंगाबरोबर बसणारा पोहण्याचा पोशाख मिळतो, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा बायकांचा पोशाख स्पर्धेच्या नियमातही बसतो. तेवढा घ्या. वेणी टोपीत पूर्ण आत गेली पाहिजे, शेपटी मागं लोंबत नको.

आता किक. बैलगाडीवाल्याचा आसूड पाहिला असेल. मूठ किती हलते? टीचभर. टोक मात्र फाट्‌कन वाजतं. डॉल्फिन किक तशीच आहे. हात आणि डोकं म्हणजे मूठ, ते जवळपास स्थिर. छातीखालून लाट निघते, कमरेला वाढते, मांडी जाते, मग गुडघा, आणि शेवटी पाऊल झटकतं. तुमच्या पोरीची किक गुडघ्यापासून सुरू होते. टाचा पार कुल्ल्याला भिडायला येतात आणि मग ती जोरात खाली मारते. दिसायला जोर खूप दिसतो. पण टाचा वर घेताना तिची मांडी आडव्या फळीसारखी पाण्याला अडवते आणि भिंतीचा वेग तिथंच खातो. किक लहान करा. किती लहान? ती एका बादलीच्या तोंडातून पाय घालून किक मारते आहे असं तिला समजवा, पाय कडेला लागता कामा नये. पोट्टे हसतात, पण लगेच कळतं त्यांना.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी आहे आणि ती तालुक्या-जिल्ह्याला फार कमी लोक शिकवतात: वर जाणारी किक. पोरं पाय खाली मारतात आणि वर नुसते परत आणतात, जसा बैल रिकामा परत यावा. वर जातानाही पायाच्या तळव्यानं पाणी ढकललं पाहिजे. ते काम कुल्ले आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचं, आणि गुडघा त्या वेळी जवळपास सरळ. ही बाजू कच्ची असली की प्रत्येक किकमध्ये वेग निम्मा वेळ मिळतो, निम्मा वेळ जातो. व्हिडिओत पोरगी थांबत थांबत गेल्यासारखी दिसते ती त्यामुळं.

याची परीक्षा सोपी आहे. खोल पाण्यात तिला उभं करा, हात छातीवर घडी घालून, डोकं बाहेर, आणि उभ्यानं डॉल्फिन किक मारायला सांगा, पंधरा सेकंद. तुम्ही काठावर उभं राहून फक्त एक गोष्ट बघा: ती एका जागी राहते का? पुढची किक जोरात आणि मागची पोकळ असेल तर ती हळूहळू पाठीमागं सरकते. दोन्ही सारख्या असतील तर जागची हलत नाही. माझ्याकडं येणारी बहुतेक पोरं पहिल्या दिवशी पंधरा सेकंदांत हातभर तरी मागं जातात. ही परीक्षा आहे तोच सराव आहे. पंधरा सेकंद किक, अर्धा मिनिट आराम, असं सहा वेळा. तीन-चार आठवड्यांत ती जागेवर राहू लागली की हात छातीवरून काढून डोक्यावर जोडू द्या. तेव्हा खरी मेहनत कळते.

याच्या जोडीला पाठीवर, चेहरा वर करून पाण्याखाली किक. त्यात वरची-खालची उलट होते आणि कच्ची बाजू उघडी पडते. नाकात पाणी जाईल म्हणून पोरं टाळतात. नाकातून "हुं" असा आवाज करत हळूहळू हवा सोडायची, पाणी जात नाही.

पहिली किक कधी? तुमची पोरगी पाय भिंतीवरून सुटता सुटताच किक मारते. त्या वेळी वेग इतका असतो की पाय हलवले की अडथळाच होतो. भिंत सोडल्यावर मनात "एक" म्हणायचं, शांतपणे, आणि मग पहिली किक. काही पोरं उलट "एक, दोन, तीन" होईपर्यंत नुसती तरंगतात, वेग मेल्यावर किक मारतात. तेही नको. पहिली किक लहान आणि जलद.

आता सर म्हणतात तसं "जास्त किक" का "कमी किक", हे मी किंवा सरांनी ठरवू नये. घड्याळ ठरवेल. २५ मीटरच्या टँकमध्ये अर्धं अंतर म्हणजे साडेबारा मीटर. तिथं लेनच्या दोरीला एक लाल चिंधी बांधा आणि काठावर बरोबर तिच्यासमोर उभे राहा. पोरगी भिंतीवरून निघेल. पाय सुटले की घड्याळ चालू, डोकं चिंधीपाशी आलं की बंद. आधी दोन किक मारून वर यायचं आणि उरलेलं अंतर बटरफ्लाय पोहायचं. तीनदा. मग चार किक, तीनदा. मग सहा, मग आठ. प्रत्येक वेळी मध्ये दोन मिनिटं पूर्ण आराम, घाई नको, नाहीतर आकडे खोटे येतात. एका दिवसात नसेल झेपत तर दोन दिवसांत करा. वहीत लिहा. ज्या संख्येला वेळ सगळ्यात कमी, ती तिची संख्या. आठला वेळ वाढला तर आठ नको. माझ्याकडच्या शाळकरी पोरींचं साधारण चार ते सहामध्ये निघतं. त्यांच्या वडिलांना ते कमी वाटतं, कारण यूट्यूबवर पाहिलेलं डोक्यात असतं.

मग हीच परीक्षा दमल्यावर घ्या: आधी ७५ मीटर बटरफ्लाय जोरात पोहून, न थांबता टर्न मारून. तेव्हा आकडा एकनं कमी येईल. शर्यतीच्या शेवटच्या टर्नला तो आकडा. पण शून्य नाही. दमलेलं पोरगं शेवटच्या टर्नला सगळ्यात आधी किकच सोडतं, आणि नेमकं तिथंच सगळ्यात जास्त हातचं जातं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायची फायनल मिळाली तर बघा. १५० मीटरला फ्रान्सचा लेओं मार्शां हंगेरीच्या क्रिश्टोफ मिलाकच्या मागं होता. शेवटच्या भिंतीनंतर तो पाण्याखालून इतका लांब आला की वर येईपर्यंत शर्यतीचं चित्रच बदललं होतं. १:५१.२१ मध्ये जिंकला, ऑलिंपिक विक्रमासह. त्याच्यासारखं पंधरा मीटर जा असं मी म्हणत नाही. शेवटच्या टर्नलाही त्याची किक पहिल्या टर्नसारखीच होती, तेवढं पोरीला दाखवा.

बटरफ्लायमध्ये दोन्ही पाय एकदमच चालले पाहिजेत. दमल्यावर पाण्याखाली एखादी किक मागंपुढं झाली की पंचानं हात वर केलाच म्हणून समजा. पाण्याखाली हाताचा ओढा एकच घेता येतो आणि त्या ओढ्यानं वर यायचं असतं. हे फार जणांना माहीत नसतं.

वर येण्याबद्दल थोडंसं. डोकं पाण्याखाली वीतभर असतानाच पहिला ओढा सुरू करायचा. आधी सुरू केला तर अंग खालीच राहतं. डोकं आधी बाहेर काढून मग हात ओढला तर गाडीला ब्रेक लागल्यासारखं होतं. पहिल्या हाताला श्वास घ्यायचा नाही. बस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथंच बहुतेकांचं घोडं अडतं. तुमची पोरगी दोन किलोमीटर सराव करते म्हणता. २५ मीटरच्या टँकमध्ये ते ८० फेरे झाले, म्हणजे ७९ टर्न. आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे २३७. त्यातले किती टर्न ती कठडा धरून, चष्मा सारखा करून, मैत्रिणीशी दोन शब्द बोलून, एका ढिल्या किकनं सुरू करते? मी आमच्या टँकवर एकदा शिटी बाजूला ठेवून नुसतं मोजत बसले होते. पोट्ट्यांनी दहा मिनिटं मन लावून डॉल्फिन किकचा सराव केला आणि पुढचा तासभर प्रत्येक भिंतीवर तो पुसून टाकला. शरीर दहा मिनिटांचं शिकत नाही, ते ७९ वेळा केलेलं शिकतं. म्हणून वेगळा सराव कमी असला तरी चालेल. नियम एकच ठेवा: सरावातल्या प्रत्येक टर्नला तीन किक, रेघ पक्की. पहिल्या आठवड्यात पोरगी चिडेल, सरावाचे मीटर कमी होतील, दम लागेल. मीटर कमी झाले तर होऊ द्या. दुसऱ्या महिन्यात चार करा. सरांशीही हे बोलून घ्या, नाहीतर ते वेळ वाढला म्हणून तिला ओरडतील.

आता तो धोका. पंधरा मीटर काढायला लावताना पोरगी आधी चार-पाच वेळा जोरजोरात श्वास घेते, व्हिडिओत स्पष्ट दिसतं. तिला कुणीतरी सांगितलंय की त्यानं दम जास्त टिकतो. भाऊ, हे करू देऊ नका. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळं. जोरजोरात श्वास घेतला की तो आधीच कमी होतो, पण प्राणवायू फारसा वाढत नाही. मग घाबरं व्हायच्या आधीच प्राणवायू संपतो आणि माणूस पाण्याखाली चुपचाप बेशुद्ध पडतो. धडपड नाही, हात वर नाही. काठावरच्यांना वाटतं पोरगं मजेत बुडी मारून राहिलंय. पट्टीचे पोहणारेही असे गेले आहेत. विहिरीवर पोरं "कोण जास्त वेळ खाली राहते" अशी पैज लावतात, तीही बंद. पाण्याखालचा सराव एकटीनं कधीच नाही. दोन खेपांमध्ये पूर्ण श्वास जागेवर येईपर्यंत आराम. आणि काठावर पोहता येणारं, डोळा न हलवणारं एक मोठं माणूस. मोबाइल पाहणारं नाही.

तुम्ही विचारलंय की टँक बंद असतो तेव्हा विहिरीत काही करता येईल का. आपल्याकडं हीच गंमत आहे. टँक उन्हाळाभर भरलेला, आणि शालेय स्पर्धा पावसाळ्यात नाहीतर त्यानंतर, तोवर बरेच टँक बंद पडतात. विहिरी मात्र तेव्हाच तुडुंब. तर हो, करता येईल, आणि एका गोष्टीसाठी तर विहीर टँकपेक्षा बरी. वीसेक फूट रुंदीची बांधीव विहीर असेल तर एका भिंतीवरून पायानं जोर मारून समोरच्या भिंतीपर्यंत एकही किक न मारता जाता येतं का, हा खेळ लावा. हात पुढं जोडलेले असल्यानं दगड आधी हाताला लागतो, आणि नजर तळाला ठेवायची सवय हळूहळू होते. रेघ चुकली की पोरगी मधेच थांबते, घड्याळाची गरजच नाही. उभ्यानं किकचा सरावही विहिरीत मस्त होतो. पाणी खोल असतं आणि पाय टेकवायची लबाडी करता येत नाही.

पण अटी आहेत. मोटार नुसती बंद नको. खांबावरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात ठेवा, ओल्या केबलमुळं विहिरीत करंट उतरून माणसं दगावलेली आहेत. पाइप आणि दगडाचे बाहेर आलेले कोपरे आधी पाहून घ्या. दोर आत सोडलेला हवा, आणि पायऱ्या किंवा शिडी चढण्यासारखी हवी. शेततळ्यात मात्र अजिबात नाही. प्लास्टिकच्या अस्तरावर शेवाळ धरतं आणि उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही तिथून बाहेर निघू शकत नाही. दर पावसाळ्यात बातम्या येतात, तुम्ही वाचता.

घरी करण्यासारखं दोनच सांगते. एक, वज्रासन. पाऊल जितकं मागं लांब ताणता येईल तितकी किक मोठी फळी ढकलते. घोट्यांचा आखडलेपणा हा आपल्याकडच्या पोरांत कमी असतो, कारण आपण अजून जमिनीवर बसतो. पण तुमची पोरगी शाळेच्या बाकावर आणि एसटीत दिवस काढते. टीव्ही बघताना पाच मिनिटं वज्रासन, जमलं की हात मागं टेकून गुडघे जरासे उचलायचे. गुडघ्यात दुखलं तर थांबायचं. दुसरं, दंड. आपल्या आखाड्यातला जुना दंड, ज्यात छाती खाली जाते, मग पोट, मग कंबर. अंगातून लाट कशी जाते ते कोरड्या जमिनीवर यापेक्षा बरं कशानं कळत नाही. वीस दंड नको, आठ करा पण हळू, लाट कुठं तुटते ते बघत. माझ्याकडं अमरावतीच्या व्यायामशाळेत वाढलेली एक पोरगी आली होती. पाण्यात पहिल्या आठवड्यातच तिची कंबर सुटली. मी काही शिकवायच्या आधीच.

सहा आठवडे करा आणि मला पुन्हा व्हिडिओ पाठवा. वरून काढलेल्या व्हिडिओत किक नीट दिसत नाही, म्हणून एक युक्ती सांगते. मासे ठेवायची काचेची लहान पेटी मिळते, ती रिकामी, कोरडी घ्या. तिच्यात मोबाइल उभा ठेवा आणि पेटी अर्धी पाण्यात दाबून धरा, काठावर पालथं झोपून. तोंडातून पाणी आत जाणार नाही एवढीच दाबा. पोरगी तुमच्या समोरून गेली पाहिजे, बाजूनं, तुमच्याकडं येताना नाही. स्लो मोशन चालू ठेवा. सकाळी नऊच्या आत काढा, नंतर ऊन पाण्यावर चमकतं आणि काहीच कळत नाही. दोन खेपा ताज्या दमाच्या, दोन ७५ मीटरनंतरच्या. आणि वहीतले साडेबारा मीटरचे आकडे फोटो काढून पाठवा, चुकीचे वाटले तरी खोडू नका.